एच.एम.एस. महरट्टा (जी२३)

एच.एम.एस. महरट्टा (जी२३) ही युनायटेड किंग्डमच्या रॉयल नेव्हीची एम-वर्गातील विनाशिका होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाला युद्धसामग्री पोहोचवणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना तिने आर्क्टिक मार्गावर संरक्षण दिले. ८ एप्रिल १९४३ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २५ फेब्रुवारी १९४४ रोजी जेडब्ल्यू ५७ या ताफ्याचे रक्षण करीत असताना जर्मन पाणबुडी यू-९९० हिने तिला बुडवले. तिची सेवा एक वर्षाचीही झाली नाही. नौकेवरील २३६ जणांपैकी केवळ १६ जण वाचले. ज्या ताफ्याच्या रक्षणासाठी ती निघाली होती, त्यातील एकही व्यापारी जहाज मात्र बुडाले नाही.

नाव

'महरट्टा' हे 'मराठा' या शब्दाचे जुने इंग्रजी रूप आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख बहुधा याच रूपात येतो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कलकत्त्यात १७४२ मध्ये खणलेला 'मराठा खंदक' इंग्रजीत याच नावाने ओळखला जाई. भारतीय सैन्यातील आजची मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटणही महायुद्धाच्या काळात आपले नाव इंग्रजीत याच पद्धतीने लिहीत असे. ही विनाशिका उत्तर ध्रुवीय समुद्रात बुडाली, त्याच वर्षी ही पलटण इटलीच्या आघाडीवर लढत होती. तेथील पराक्रमासाठी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

ही नौका मुळात 'मार्क्समन' म्हणजे 'नेमबाज' या नावाने बांधण्यास घेतली होती. जलावतरणाच्या वेळी तिला 'महरट्टा' हे नाव मिळाले. भारताने युद्धकार्यास दिलेल्या साहाय्याची दखल म्हणून हा बदल करण्यात आला. अशा नामकरणाची प्रथा त्या काळी रूढ होती. 'ट्रायबल' वर्गातील 'गुरखा', 'सीख' आणि 'पंजाबी' या विनाशिकांना युद्धापूर्वीच भारतीय उपखंडाशी निगडित नावे देण्यात आली होती. पहिली 'गुरखा' ९ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेजवळ जर्मन विमानहल्ल्यात बुडाल्यावर 'लार्न' या बांधणीतील नौकेचे नाव बदलून 'गुरखा' करण्यात आले. 'नॉर्समन' ही विनाशिका 'नेपाळ' नावाने सेवेत आली, तर हैदराबादच्या निजामाच्या पदवीवरून नाव घेतलेली 'निजाम' ऑस्ट्रेलियन खलाशांनी चालवली.

यांपैकी दोन्ही 'गुरखा', 'पंजाबी' आणि 'सीख' या चारही नौका १९४२ सालाच्या अखेरीपूर्वीच बुडाल्या. 'पंजाबी' १ मे १९४२ रोजी दाट धुक्यात 'किंग जॉर्ज पाचवा' या ब्रिटिश युद्धनौकेशीच टक्कर होऊन बुडाली, तर 'सीख' १४ सप्टेंबर १९४२ रोजी तोब्रुकजवळ नष्ट झाली. 'नेपाळ' आणि 'निजाम' युद्ध संपेपर्यंत टिकल्या.

नावामुळे ही नौका भारतीय नौदलाची असल्याचा समज होण्याची शक्यता आहे. परंतु ती रॉयल नेव्हीची नौका होती. तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीकडे स्लूप, सुरुंग काढणाऱ्या नौका आणि इतर लहान युद्धनौका होत्या. 'बॉम्बे' आणि 'कोकण' या महाराष्ट्रातील प्रदेशांची नावे असलेल्या दोन सुरुंग काढणाऱ्या नौका तिच्या ताफ्यात होत्या. विनाशिका मात्र भारताला स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये मिळाल्या. 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' या त्या तीन नौकाही मूळच्या ब्रिटिशच होत्या.

'महरट्टा' नावाच्या दोन ब्रिटिश व्यापारी आगबोटी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्यावर अनुक्रमे १९०९ व १९३९ मध्ये रुतून नष्ट झाल्या. त्यांचा या विनाशिकेशी संबंध नाही.

बांधणी

नौकेची मागणी ७ जुलै १९३९ रोजी, म्हणजे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारे दोन महिने आधी, नोंदवण्यात आली. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या मुखाजवळ असलेल्या ग्रीनॉक येथील स्कॉट्स या जहाजबांधणी कंपनीकडे हे काम सोपवले होते. मे १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ग्रीनॉकवर मोठे हल्ले केले. त्यांत नौकेच्या अर्धवट बांधलेल्या सांगाड्याची मोठी हानी झाली. सांगाडा सुटा करून दुसऱ्या उतरणीवर नेण्यात आला आणि १८ ऑगस्ट १९४१ रोजी बांधणीला नव्याने प्रारंभ झाला. २८ जुलै १९४२ रोजी नौकेचे जलावतरण झाले. तोफा, यंत्रे व इतर साधने बसवून ती ८ एप्रिल १९४३ रोजी सेवेत दाखल झाली. मागणीपासून सेवेपर्यंत पावणेचार वर्षे लागली. लेफ्टनंट कमांडर एरिक आर्थर फोर्ब्ज ड्रॉट हे अखेरपर्यंत तिचे कप्तान होते.

रचना व शस्त्रसामग्री

विनाशिका ही वेगवान आणि तुलनेने लहान युद्धनौका असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या छोट्या नौकांचा नाश करण्यासाठी हा प्रकार पुढे आला आणि त्यावरूनच तिला हे नाव मिळाले. दोन्ही महायुद्धांत मोठ्या युद्धनौकांचे व व्यापारी ताफ्यांचे पाणबुड्यांपासून रक्षण करणे हे विनाशिकांचे मुख्य काम बनले.

एम-वर्गात एकूण आठ नौका होत्या : मिल्न, महरट्टा, मार्न, मार्टिन, मॅचलेस, मीटिअर, मस्केटिअर आणि मर्मिडन. यांतील शेवटची पोलंडच्या नौदलाकडे देण्यात आली व 'ऑर्कान' नावाने ओळखली गेली. नौकेची लांबी सुमारे ११०.५ मीटर, रुंदी सुमारे ११.२ मीटर आणि मानक विस्थापन १,९२० टन होते. दोन बॉयलर आणि ४८,००० अश्वशक्तीच्या टर्बाइनमुळे ती ताशी सुमारे ३६ सागरी मैल वेग गाठू शकत असे.

तिच्यावर ४.७ इंची (१२० मिलिमीटर) सहा तोफा होत्या. त्या दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवल्या होत्या. आधीच्या बहुतेक ब्रिटिश विनाशिकांवर तोफांपुढे केवळ उघडी ढाल असे आणि तोफचींना वारा व लाटा अंगावर घेत काम करावे लागे. एम-वर्गाच्या तोफा सर्व बाजूंनी बंद अशा कवचात होत्या. उत्तरेच्या समुद्रात ही सोय फार मोलाची ठरली. याशिवाय ५३३ मिलिमीटर व्यासाचे पाणतीर सोडणाऱ्या आठ नळ्या, विमानविरोधी तोफा, रडार, पाण्याखालील वस्तूंचा ध्वनीने शोध घेणारे यंत्र आणि ठराविक खोलीवर फुटणारे डेप्थ चार्ज तिच्यावर होते. या वर्गाची मूळ आखणी सुमारे १९० जणांसाठी होती. अखेरच्या सफरीत महरट्टावर २३६ जण होते.

पार्श्वभूमी : आर्क्टिक मार्ग

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर ब्रिटनने आणि पुढे अमेरिकेने रणगाडे, विमाने, मालमोटारी, इंधन व अन्नधान्य पाठवण्यास सुरुवात केली. ही सामग्री इराणमार्गे आणि प्रशांत महासागरातूनही जात असे. अंतराने सर्वांत जवळचा मार्ग होता तो नॉर्वेला वळसा घालून मुर्मान्स्क व अर्खांगेल्स्क या उत्तरेकडील बंदरांना जाणारा. हाच मार्ग सर्वांत धोक्याचाही होता, कारण नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता. तेथील विमानतळांवरून बॉम्बफेकी विमाने, तळांवरून पाणबुड्या आणि अरुंद खाड्यांतून 'टिरपिट्झ'सारख्या अजस्र युद्धनौका बाहेर पडू शकत.

हिवाळ्यात उत्तरेकडचा बर्फ दक्षिणेला सरकत असल्याने ताफ्यांना नॉर्वेच्या किनाऱ्याच्या अधिक जवळून जावे लागे. अंधारामुळे विमानांचा धोका कमी होई. पण थंडी आणि वादळे यांचा सामना अटळ असे. अंगावर उडालेल्या लाटांचे पाणी डेकवर, तोफांवर व दोरखंडांवर गोठे. वरच्या भागात साचलेल्या या बर्फाच्या वजनाने नौका कलंडण्याचा धोका असल्यामुळे खलाशी तो कुदळी-हातोड्यांनी फोडून काढीत. खानदेशातील जळगाव व धुळे ही शहरे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. महरट्टा जेथे बुडाली ती जागा त्यांच्या सुमारे ५० अंश उत्तरेस, ७१ अंशांच्याही पुढे आहे. तेथे ऐन हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही.

डिसेंबर १९४२ पासून रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांना 'जेडब्ल्यू' आणि परतीच्या ताफ्यांना 'आरए' ही सांकेतिक अक्षरे देण्यात आली. रशियाकडे जाणारे ताफे प्रामुख्याने स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लॉख यू येथून निघत.

नौदल सेवा

महरट्टा सेवेत आली तेव्हा आर्क्टिक ताफे थांबवलेले होते. उन्हाळ्यातील अखंड उजेडात जाणारी जहाजे शत्रूच्या नजरेतून सुटत नसत. शिवाय अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धासाठी संरक्षक नौकांची निकड होती. नौकेची नेमणूक स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कॅपा फ्लो येथे तळ असलेल्या 'होम फ्लीट'मध्ये झाली.

ताफे थांबल्यामुळे अनेक रिकामी व्यापारी जहाजे रशियन बंदरांत अडकून पडली होती. ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस महरट्टासह विनाशिकांचे एक पथक त्यांना परत आणण्यासाठी पाठवण्यात आले. १ नोव्हेंबर रोजी आरए ५४ए हा १३ जहाजांचा ताफा अर्खांगेल्स्कहून निघाला. दाट धुक्यामुळे प्रवास लांबला. तथापि त्याच धुक्याने ताफ्याला शत्रूपासून झाकून ठेवले आणि सर्व जहाजे सुखरूप ब्रिटनला पोहोचली. या सफरीनंतर आर्क्टिक मार्गावरील वाहतूक पुन्हा नियमित सुरू झाली. २६ डिसेंबर १९४३ रोजी उत्तर केपच्या लढाईत 'शार्नहोर्स्ट' ही जर्मन युद्धनौका बुडाल्यावर या मार्गावरील मुख्य धोका मोठ्या नौकांऐवजी पाणबुड्यांचा राहिला.

जानेवारी १९४४ मध्ये महरट्टा जेडब्ल्यू ५६बी या १६ जहाजांच्या ताफ्याबरोबर होती. तिच्या आधी निघालेल्या जेडब्ल्यू ५६ए मधील तीन व्यापारी जहाजे पाणबुड्यांनी बुडवली होती. त्यामुळे पुढे पोहोचलेल्या विनाशिका जेडब्ल्यू ५६बीच्या मदतीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्यांतील 'हार्डी' ३० जानेवारी रोजी पाणतीराने निकामी झाली व बुडाली. ताफ्यातील १६ही जहाजे मात्र कोला खाडीत पोहोचली. चार आठवड्यांनी महरट्टाच्या बाबतीत असेच घडणार होते.

जेडब्ल्यू ५७ आणि नौकेची अखेर

जेडब्ल्यू ५७ हा ताफा २० फेब्रुवारी १९४४ रोजी लॉख यू येथून निघाला. त्यात ४२ व्यापारी जहाजे होती. आधीच्या दोन ताफ्यांचा अनुभव लक्षात घेऊन संरक्षणाची व्यवस्था बरीच वाढवली होती. व्हाइस ॲडमिरल ग्लेनी यांच्या अधिपत्याखाली 'ब्लॅक प्रिन्स' ही क्रूझर, 'चेसर' ही छोटी विमानवाहू नौका आणि विनाशिकांसह अनेक संरक्षक नौका ताफ्याबरोबर होत्या. संरक्षक विमानवाहू नौका सोबत असल्यामुळे ताफ्याभोवती विमानांची गस्त ठेवणे शक्य झाले.

२३ फेब्रुवारी रोजी जर्मन टेहळणी विमानांनी ताफा हेरला आणि पाणबुड्यांचे दोन गट त्याच्या वाटेवर एकवटू लागले. २४ तारखेला 'केपेल' या संरक्षक नौकेने यू-७१३ ही पाणबुडी बुडवली. २५ तारखेला रॉयल एअर फोर्सच्या २१० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधील एका कॅटलिना विमानाने दूर पल्ल्याची झेप घेऊन यू-६०१ बुडवली.

त्याच रात्री नऊच्या सुमारास, उत्तर केपच्या पश्चिमेस सुमारे ४५० किलोमीटरवर, हुबर्ट नॉर्डहाइमर कप्तान असलेल्या यू-९९० या पाणबुडीने महरट्टावर पाणतीर सोडले. नौकेवर एकामागोमाग स्फोट झाले आणि काही मिनिटांतच ती बुडाली.

बचावकार्य व जीवितहानी

'इम्पल्सिव्ह' आणि 'वाँडरर' या नौका मदतीसाठी धावल्या. रात्रीचा अंधार आणि गोठणबिंदूच्या थोड्याच वर असलेले पाण्याचे तापमान यांमुळे पाण्यात पडलेल्यांना काही मिनिटेच तग धरता येणे शक्य होते. तापमान इतके कमी असले की हातापायांतील बळ लवकर जाते, दोर धरता येत नाही आणि पोहता येणारा माणूसही बुडतो. बचावनौकांपुढेही पेच असे. माणसे उचलण्यासाठी नौका थांबवली तर ती जवळच असलेल्या पाणबुडीचे सोपे लक्ष्य ठरे.

१६ जण वाचले. कप्तान ड्रॉट यांच्यासह २२० जण मृत्युमुखी पडले. आर्क्टिक मार्गावर रॉयल नेव्हीला एका विनाशिकेबरोबर सोसाव्या लागलेल्या मोठ्या जीवितहानींपैकी ही एक होती.

जेडब्ल्यू ५७ मधील सर्व ४२ व्यापारी जहाजे २८ फेब्रुवारी रोजी कोला खाडीत पोहोचली. ताफ्याची हानी एकच होती आणि ती महरट्टाची. ताफ्याच्या संरक्षणाचे यश सुखरूप पोहोचलेल्या मालवाहू जहाजांवरून मोजले जाई. त्या मोजमापानुसार ही मोहीम पूर्ण यशस्वी होती.

ध्वनिवेधी पाणतीर

महरट्टा टी-५ प्रकारच्या पाणतीराने बुडाली. जर्मन नौदलाने सप्टेंबर १९४३ पासून वापरात आणलेल्या या अस्त्राला 'झाउनक्योनिग' असे नाव होते. ब्रिटिश त्याला 'नॅट' म्हणत. साधा पाणतीर सोडल्यावर सरळ रेषेत जातो. त्यामुळे वेगाने वळणाऱ्या विनाशिकेला तो लागणे अवघड असते. टी-५च्या टोकाशी ध्वनिग्राहक बसवलेले होते. जहाजाच्या पंख्याचा पाण्यात होणारा आवाज ज्या दिशेने अधिक येई, त्या दिशेला सुकाणू आपोआप वळे. पाणतीर सोडल्यावर तो आपल्याच आवाजाकडे वळू नये म्हणून पाणबुडीला लगेच खोल बुडी मारावी लागे.

हे अस्त्र मुख्यतः संरक्षक नौकांसाठीच तयार केले होते. आधी रक्षकांना हटवायचे आणि मग मालवाहू जहाजांवर हल्ला करायचा, अशी ती योजना होती. मध्यम वेगाने चालणाऱ्या नौकांचा आवाज त्याला सर्वांत स्पष्ट ओळखू येई आणि ताफ्याभोवती गस्त घालणाऱ्या विनाशिका बहुधा याच वेगाने चालत. यावर उपाय म्हणून दोस्तराष्ट्रांनी 'फॉक्सर' नावाचे साधन काढले. नौकेच्या मागे दोराने ओढली जाणारी ही आवाज करणारी यंत्रणा पाणतीराला फसवून आपल्याकडे खेचे. तिच्या कर्कश आवाजामुळे नौकेच्या स्वतःच्या शोधयंत्राला पाणबुडीची चाहूल लागणे मात्र कठीण होई.

नंतरच्या घडामोडी

परतीचा आरए ५७ हा ताफा मार्चच्या प्रारंभी निघाला. या सफरीत 'चेसर'वरील स्वोर्डफिश विमानांनी ४ ते ६ मार्च या तीन दिवसांत तीन पाणबुड्यांच्या नाशात भाग घेतला. ताफ्यांबरोबर विमानवाहू नौका पाठवण्याची पद्धत यानंतर आर्क्टिक मार्गावर रूढ झाली.

महरट्टा ही यू-९९० ने आपल्या कारकिर्दीत बुडवलेली एकमेव नौका ठरली. २५ मे १९४४ रोजी, महरट्टा बुडाल्याला बरोबर तीन महिने झाले असताना, नॉर्वेतील बोडो शहराच्या पश्चिमेस एका ब्रिटिश लिबरेटर विमानाने तिला बुडवले. हल्ल्यात सापडून निकामी झालेल्या यू-४७६ या दुसऱ्या पाणबुडीवरील खलाशांना तिने त्यापूर्वी आपल्यावर घेतले होते.

एम-वर्गातील आठ नौकांपैकी तीन युद्धात नष्ट झाल्या. मार्टिन नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, ऑर्कान ऑक्टोबर १९४३ मध्ये अटलांटिकमध्ये आणि महरट्टा आर्क्टिकमध्ये बुडाली. तिन्ही पाणबुड्यांच्या बळी ठरल्या. मिल्न, मार्न, मॅचलेस आणि मीटिअर या चार नौका पुढे तुर्कस्तानच्या नौदलाकडे गेल्या.

स्मृती

१९४१ ते १९४५ या काळात आर्क्टिक मार्गावर ७८ ताफ्यांतून सुमारे १,४०० व्यापारी जहाजांनी प्रवास केला. त्यांतील ८५ व्यापारी जहाजे आणि रॉयल नेव्हीच्या १६ युद्धनौका बुडाल्या. सुमारे ३,००० जणांचा मृत्यू झाला. या १६ युद्धनौकांत महरट्टाचा समावेश होतो.

समुद्रातच अंत झालेल्या रॉयल नेव्हीच्या खलाशांची नावे पोर्ट्समथ, प्लिमथ व चॅटम येथील नौदल स्मारकांवर कोरलेली आहेत. लॉख यूच्या किनाऱ्यावरही आर्क्टिक ताफ्यांचे स्मारक आहे. या मार्गावरील सेवेसाठी स्वतंत्र पदक असावे, ही माजी खलाशांची मागणी दीर्घकाळ प्रलंबित होती. युद्ध संपल्यावर सुमारे ६८ वर्षांनी, २०१३ मध्ये, ब्रिटनने 'आर्क्टिक स्टार' हे पदक सुरू केले. तोपर्यंत त्या पिढीतील बहुसंख्य खलाशी हयात नव्हते.